ऐकायच्या आधीचं मत

बुधाजी तेलगोटेच्या माइकपुढं लहानमोठा कोणी नव्हता. आमदारकीचा उमेदवार असो की सरपंचकीचा, बोलायला सात मिनिटं. सात मिनिटं झाली की बुधाजी टेबलावरची घंटी एकदा वाजवायचा, आणि तेवढ्यानं माणूस उमजला नाही तर सरळ लाऊडस्पीकरच्या मशीनचं बटण बंद करायचा. मग समोरचा किती का हातवारे करेना, नुसते ओठ हलताना दिसायचे. निंबखेडीच्या लोकांना भाषणापेक्षा या गमतीचीच गोडी जास्त होती, हे खोटं कशाला सांगा.

हा रिवाज त्यानं काही देशसेवेच्या भावनेनं सुरू केला नव्हता. चाळीसेक वर्षांपूर्वी दोन पार्ट्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळेला त्याचा लाऊडस्पीकर सांगून ठेवला. बुधाजी दोघांनाही हो म्हणून बसलेला, आणि भोंगे दोन असले तरी मशीन एकच. त्यानं दोन्ही उमेदवारांना बाजाराच्या ओट्यावर आणून शेजारी शेजारी बसवलं आणि म्हणाला, "मशीन एक हाये. बारी बारीनं बोला." गावाला ते इतकं पटलं की पुढच्या निवडणुकीला लोकच विचारायला लागले, औंदा सभा कवा? तेव्हापासून ती चालू होती. गाव तिला सवालाची सभा म्हणायचं. सगळे उमेदवार एका ओळीत. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्यावर त्याच्या नावाची पाटी लावायची. भाषणं आटोपली की गावातल्या कोणीही उठावं आणि विचारावं. दिवस ठरलेला, मतदानाच्या आधीच्या आठवड्यातला मंगळवार, म्हणजे बाजाराचा. एकदा एका मंत्र्याच्या माणसानं तारीख पुढं ढकलायला सांगून पाहिली, तर बुधाजी म्हणाला होता, "बाजार हालवा, मंग मी सभा हालवतो."

सभेतला पहिला सवाल त्याच्या वहिनीचा, वच्छलाबाईचा असायचा.

बुधाजी तीन वर्षांचा असताना त्याची माय गेली. थोरल्या भावाची बायको तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिनं या दिराला कडेवर घेतलं ते तो शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही, असं जुनी माणसं सांगायची. पुढं भाऊ गेला, बुधाजीची बायकोही गेली, लेक प्रणाली अमरावतीला दिली, आणि घरात एकाहत्तर वर्षांचा दीर आणि सत्त्याऐंशी वर्षांची वहिनी एवढे दोघेच उरले. ती त्याला अजूनही बुधा म्हणायची, आणि तो बाहेरून आला की आधी त्याच्या पायांकडे पाहायची, चप्पल घातली होती की नाही ते.

वच्छलाबाईला एक लेक होता, श्याम. पूर्णा नदीच्या या अंगाला जमीन काळीभोर, कपाशी अशी की पाहत राहावं, पण विहिरीत दोर सोडला की पाणी खारं. गुरं तोंड फिरवतात ते पाणी माणसं पीत आली. श्यामची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस, सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं माघारी यायचं. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, पाणी बदला. ते कुठून बदलायचं, हे त्यानं सांगितलं नाही. श्याम एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीला वच्छलाबाई सभेत उठून उभी राहायची आणि प्रत्येक उमेदवाराला एकेक करून एकच विचारायची, "गोड पानी कवा देता?"

उत्तर काय येतं यापेक्षा ती उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायची. जो तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोलेल त्याला मत. तो निवडून यायचा किंवा नाही यायचा, पाणी तर कधीच आलं नाही. तरी तिचा नेम मोडला नाही. मत कोणाला दिलं हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, दिरालाही नाही, आणि बुधाजीनंही कधी तिला विचारलं नाही. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडून ती बूथवर जायची आणि येताना गप्प गप्प यायची. श्यामच्या नावानं तिला एवढं एकच करता येत होतं.

लोकसभेच्या वेळी, भर उन्हाळ्यात, ती रांगेत चक्कर येऊन पडली. म्हणून विधानसभा लागली तेव्हा अंगणवाडीची ज्योत्स्ना, जिच्याकडे गावच्या मतदारयादीचं काम होतं, फॉर्म घेऊन आली. पंच्याऐंशीच्या वरच्या लोकांचं मत घरी येऊन घेतात. बुधाजीला ते लगेच पटलं. ज्योत्स्ना म्हणाली, "काका, पन एक हाये. हा फॉर्म मंजूर झाला का मंग बूथवर मत देता येत नाई. घरी येतीन तवाच द्या लागते." बुधाजी म्हणाला, "मंग काय झालं? सभा मंगयवारीच हाये. हे लोक त्याच्या बादच येतीन ना?" ज्योत्स्नाला ते बरोबर वाटलं. वच्छलाबाईनं सही केली. ठरलेल्या मंगळवारी सभा झाली असती तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही राहिलंच नसतं.

सभेला चार दिवस राहिले आणि दादासाहेबांच्या माणसाचा, पिंटूचा फोन आला. दादासाहेब म्हणजे त्या वेळचा सगळ्यांत जोरातला उमेदवार. मंगळवारी त्यांची अकोल्याला मोठी सभा होती. पिंटू म्हणाला, "काका, मंगयवारच्या बादच्या आइतवारी ठेवा. सायेब गोड पान्याच्या मंजुरीचं पत्रच घेऊन येऊन राह्यले तुमच्या गावात. आजीच्या हातात देतो मनतात."

चाळीस वर्षांत हलला नव्हता तो माणूस या एका वाक्यानं हलला. वहिनीच्या हातात पत्र, भर सभेत, माइकवरून. त्याच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलं आणि मग त्याला दुसरं काही दिसलंच नाही. त्यानं बाकीच्या उमेदवारांना फोन केले, तहसिलातून रविवारची परवानगी आणली, आणि वहिनीला पत्राचं काही सांगितलं नाही. तिला तिथंच कळू दे म्हणाला. मंगळवारी तिनं विचारलं तेव्हा सभा पुढं गेली एवढंच तो म्हणाला; कधी आणि का, ते सांगितलं नाही.

बुधवारी ज्योत्स्ना चिठ्ठी घेऊन आली. मतदान घ्यायला पथक गुरुवारी येणार. कोणी घरी नसेल किंवा मत घेता आलं नाही तर शनिवारी पुन्हा एकदा. त्यानंतर नाही. बुधाजीनं चिठ्ठी दोनदा वाचली. दोन्ही दिवस सभेच्या आधीचे होते.

गुरुवारी अकराच्या सुमाराला गाडी दारात उभी राहिली. एक साहेब, दोन कर्मचारी, एक पोलीस आणि शूटिंग घेणारा. त्यांनी ओसरीवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, कागद काढले. साहेब माणूस चांगला होता, अदबीनं म्हणाला, "आजी, इथं सही करा. मग आत जाऊन खूण करा आणि पाकिटात टाका."

"सभा नाई झाली अजून," वच्छलाबाई म्हणाली.

"कसली सभा?"

"सवालाची. मी ऐकल्याबिगर मत देत नाई."

साहेबानं समजावून सांगितलं. शनिवारी एकदा येऊ, त्यानंतर येता येणार नाही, आणि बूथवरच्या यादीत तुमच्या नावापुढं टपाली मताची खूण आहे. वच्छलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दिराकडे वळली.

"सभा कवा हाये, बुधा?"

"आइतवारी."

"पुढं कोनं नेली?"

"मीच नेली."

"काहून?"

"मंग सांगतो," बुधाजी पथकाकडे पाहत म्हणाला. वच्छलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि साहेबाला म्हणाली, "शनिवारी या बाप्पा. तुमचा काही दोष नाई." पथक निघून गेलं. मग बुधाजीनं तिला पत्राचं सांगितलं. ऐकून ती उठली आणि चुलीकडे गेली.

शुक्रवारी तो तालुक्याला गेला. फॉर्म रद्द होतो का, विचारलं. होत नव्हता. सभा शनिवारी सकाळी घेऊ का, विचारलं. परवानगी रविवारची होती, नव्या परवानगीला वेळ नव्हता. कचेरीच्या पायऱ्यांवर बसून त्यानं उमेदवारांना फोन लावायला सुरुवात केली. अनुप नावाचा एक तरुण वकील अपक्ष उभा होता. तो म्हणाला, "काका, मी शनिवारी सकाळी एकटाच येतो. आजीला काय विचारायचं ते विचारू द्या, उत्तर देऊन जातो." बुधाजीला ते रुचलं नाही. एकट्या उमेदवाराचं ऐकवणं म्हणजे त्याचा प्रचार करणं. सगळे एका ओळीत, सगळ्यांना तेवढीच मिनिटं, हा त्याचाच तर नियम. "नाई वकीलसायेब," तो म्हणाला, "ते बराबर दिसत नाई." आपण आठ दिवसांपूर्वीच एका माणसासाठी हा नियम मोडून बसलो आहोत, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं नाही. आलं ते फार उशिरा, आणि मग गेलं नाही.

पिंटूलाही त्यानं फोन केला. दादासाहेबांना दोन मिनिटं फोनवर दे म्हणाला. "सायेब प्रचारात हायेत," पिंटू म्हणाला. "पन तुमी पानी पक्कं समजा, काका. मी सांगतो ना."

शनिवारी सकाळी वच्छलाबाई अंघोळ करून ओसरीवर बसली होती. म्हणाली, "जाऊ दे, बुधा. नाई देत औंदा."

हे मात्र बुधाजीला सहन होईना. बासष्ट सालापासून जिनं एक मत चुकवलं नाही, तिचं मत आपल्यापायी जावं? पुढच्या निवडणुकीला ती असेल की नसेल, हे न बोलता दोघांनाही ठाऊक होतं. तो तिच्या पायाशी बसला.

"वाया जाईन, वैनी. शाम्याच्या नावानं देत आली ना तू."

"कोनाले देऊ? ऐकलं कोनाचं?"

"दादासायबाले देऊन टाक," बुधाजी म्हणाला. उभ्या आयुष्यात त्यानं तिच्यापुढं उमेदवाराचं नाव घेतलं ते हे पहिलं. "पत्र घेऊन येऊन राह्यला तो. पानी पक्कं हाये. मी सांगतो ना."

वच्छलाबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. जशी ती उमेदवाराकडे पाहायची, तशीच. बुधाजीनं नजर हलवली नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"तू सांगतं?"

"हाव."

"मंग ठीक हाये."

पथक आलं. ती आडोशाआड गेली आणि खूप वेळानं बाहेर आली. पाकीट डिंकानं बंद केलं, पेटीत टाकलं. शूटिंगवाल्यानं तिला कॅमेऱ्याकडे बघायला लावलं, कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुधाजीनं सगळ्यांना चहा पाजला. त्या दिवशी दुपारी त्याला गाढ झोप लागली.

रविवारी चार वाजता बाजाराच्या ओट्यावर सभा भरली. चार खुर्च्या, चारही भरलेल्या. वच्छलाबाईला दोघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून पुढं आणून बसवलं. मशीनच्या टेबलापासून ती चार हातांवर होती. भाषणं झाली, घंटी वाजली, एकाचा आवाज बंदही झाला, लोक हसले. मग बुधाजीनं स्वतः माइक तिच्या तोंडापुढं धरला.

"गोड पानी कवा देता?"

पहिले दोघे काहीबाही बोलले. मग अनुप वकील उठला. तो तिच्या समोर येऊन खाली उकिडवा बसला, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. म्हणाला, "आजी, टाकी पाच वर्षं झाले बांधून पडली हाये. सात किलोमीटर नळ राह्यला, तो मंधातल्या दोन गावायच्या भांडनात अडकला. निवडून आलो तं आधी ते भांडन सोडवायले बसतो. वर्षभरात होईन असं मी सांगत नाई. दोन वर्सं लागतीन. नाई जमलं तं याच ओट्यावर येऊन सांगतो का नाई जमलं म्हनून."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या उत्तराला टाळ्या पडत नसतात. पण बुधाजी वहिनीकडे पाहत होता, आणि तिचा चेहरा त्याला दिसला. ती त्या पोराच्या डोळ्यांत बघत होती, आणि तिची मान हळूहळू हलत होती. हे मान हलवणं त्याला ओळखीचं होतं. इतकी वर्षं त्यानं ते मशीनजवळ बसून पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ त्याला माहीत नसायचं काही कारण नव्हतं.

मग दादासाहेब उठले. पिंटूनं त्यांच्या कानात काही सांगितलं. ते मोठ्यानं हसले. "आजीबाई," ते म्हणाले, "तुमचं तं कालच झालं ना मतदान? आमच्याकडं यादी असते. घरबसल्या मत देनाऱ्या मायमाउल्यायचा आशीर्वाद मले भेटून गेला. आता ज्यायचं मत बाकी हाये, त्यायच्याशी दोन शब्द बोलू द्या."

लोक हसले. वाईट मनानं नाही, निंबखेडीचे लोक कशालाही हसतात. दादासाहेब तिच्याकडे पाठ करून गर्दीकडे वळले आणि रस्त्यांबद्दल बोलायला लागले.

बुधाजीचं बोट बटणावर होतं. उत्तराला दोन मिनिटं, आणि त्यातलं दीड मिनिट शिल्लक होतं. सगळं अंग पेटलं होतं, पण वेळ शिल्लक असताना त्यानं आजवर कोणाचा आवाज बंद केला नव्हता. त्यानं तेव्हाही केला नाही. तो माणूस दीड मिनिट बोलला, घोषणा झाल्या, आणि ओट्याखाली उभ्या असलेल्या पिंटूला बुधाजीनं विचारलं, "पत्र कोठी हाये?"

"निवडून आल्यावर होते सगळं, काका," पिंटू म्हणाला. ठरवून केलं होतं की सहज घडलं, ते बुधाजीला कधी कळलं नाही. कळून तरी काय उपयोग होता?

घरी आल्यावर वच्छलाबाई बाजेवर टेकली. म्हणाली, "त्या वकिलाचं तोंड पाह्यलं तू?"

"पाह्यलं."

"ते पाकीट वापस भेटते का रे?"

"नाई, वैनी."

"कोनाले विचारून पाह्य."

नाही भेटत हे माहीत असूनही त्यानं ज्योत्स्नाला फोन लावला, तिच्या समोर बसून, आणि ज्योत्स्ना काय म्हणते ते तिला सांगितलं. पेटीला सील लागलं होतं. वच्छलाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं तिचा खांदा हलताना दिसला. श्याम गेला तेव्हा ती चारचौघांत रडली होती, छाती पिटून रडली होती. हे रडणं तसं नव्हतं, त्याला आवाजच नव्हता, आणि बुधाजीला तिच्या पाठीवर हात ठेवायचीही छाती झाली नाही. ती त्याला रागानं काही बोलली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी उठून तिनं त्याच्यासाठी पिठलं टाकलं आणि स्वतः दोन घास खाऊन ताट सारलं.

बुधवारी मतदान होतं. सकाळपासून बाया नव्या लुगड्यांत दारावरून जात होत्या, एखादी थांबून विचारायची, "मावशी, येत नाई काय?" वच्छलाबाई म्हणायची, "माहं झालं बाई."

बुधाजी दाढी करून, टोपी घालून आला आणि तिच्यापुढं उभा राहिला. तीन दिवस तो याच एका गोष्टीचा विचार करत होता.

"वैनी, माहं मत तुह्या मनानं देतो. तू सांग कोनाले. वकिलाले देऊ?"

तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. एवढीशी माया होती, आणि तीच त्याला पाहवेना.

"एका जनानं दुसऱ्याचं मत देल्लं, तेवढं पुरे झालं, बुधा," ती म्हणाली. "जा. तुहं तू देऊन ये. मले सांगू नोको."

तो गेला. शाळेच्या फाटकाबाहेर ज्योत्स्ना टेबल मांडून, यादी पुढं घेऊन बसली होती. एकाच घरातली नावं एकाखाली एक असतात. तिनं ओळींवरून बोट खाली आणलं आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचत गेली. "तेलगोटे वच्छलाबाई, मतदान झालं. तेलगोटे बुधाजी."

"तिचं नाई झालं, बाई," बुधाजी म्हणाला. "ते मीच केलं."

मागं रांगेत गलका होता. ज्योत्स्नाला ते ऐकू गेलं नसावं. तिनं त्याच्या नावाची चिठ्ठी फाडून त्याच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला नाव विचारलं.